रेडिएटरमध्ये साधे पाणी का घालू नये

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आपल्या जुन्या पिकअपच्या रेडिएटरमधले पाणी वरचेवर कमी होते आणि तुम्ही ते साध्या पाण्याने भरून काढता, कारण कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवण्यासाठी पाण्यात मिसळायचे द्रव्य, ही थंड देशांची गरज आहे असे मेकॅनिकने सांगितले, असे तुम्ही लिहिले आहे. हा समज जुन्या इंजिनाला फार महाग पडतो. मी नुकतेच माझ्या पिकअपचे कूलंट घरीच बदलले आहे, तेव्हा या पत्रात तेवढेच सविस्तर लिहितो.

थंडीचा मुद्दा खरा आहे. साधे पाणी ० अंशाला गोठते आणि गोठताना फुगून इंजिन ब्लॉकला तडा देऊ शकते, तर इथिलीन ग्लायकॉल (कूलंटमधले मुख्य द्रव्य) आणि पाणी यांचे निम्मे-निम्मे मिश्रण उणे ३७ अंशांच्या आसपास गोठते. इथल्या हिवाळ्यात त्यावाचून चालत नाही. पण हेच मिश्रण उकळायलाही वेळ लावते. रेडिएटरचे झाकण प्रेशर कुकरसारखा आत दाब धरून ठेवते, आणि तो दाब बाहेरच्या हवेपेक्षा सुमारे १ बार जास्त असला तर साधे पाणी १२० अंशांच्या जवळपास उकळू लागते, मिश्रण मात्र १२९ अंशांपर्यंत तग धरते. चढावर भरलेली गाडी ओढताना हा फरक कामाला येतो.

तरीही माझ्या मते कूलंट घालण्याचे खरे कारण गंज हे आहे. ब्लॉक लोखंडी, त्यावर बसणारे हेड बहुधा ॲल्युमिनियमचे, जुना रेडिएटर तांब्या-पितळेचा, आणि या सगळ्यांमधून एकच पाणी फिरते. अशा ठिकाणी धातू एकमेकांना खात राहतात. कूलंटमधली गंजरोधक द्रव्ये धातूवर पातळ थर धरून हे थांबवतात, पण ती हळूहळू संपतात. ग्लायकॉल तसेच राहते, रंगही फारसा बदलत नाही, आणि आतून मात्र संरक्षण उरलेले नसते. जुन्या पद्धतीचे हिरवे कूलंट साधारण दोन वर्षांनी आणि नव्या सेंद्रिय आम्लांवर आधारित प्रकारचे पाच वर्षांनी बदलतात, ते याचसाठी. मात्र रंग पाहून प्रकार ठरवू नये, कारण रंगाला एकच असा नियम नाही; गाडीच्या पुस्तकात लिहिलेला प्रकारच घ्यावा. दोन न जुळणारे प्रकार एकत्र आले तर गाळ धरण्याची भीती असते.

आता प्रत्यक्ष काम. इंजिन पूर्ण गार असल्याशिवाय झाकणाला हात लावू नका, हे मी दादालाही बजावून सांगतो. तापलेल्या इंजिनात पाणी दाबामुळेच द्रव राहिलेले असते. झाकण सैल होताच त्याची वाफ होऊन ते अंगावर उसळते. विजेवर चालणारा पंखा असेल तर तो इंजिन बंद असतानाही अचानक फिरू शकतो, म्हणून त्याच्याजवळ हात नेऊ नये.

गाडीत हीटर असेल तर त्याची कळ पूर्ण गरमवर ठेवावी, खाली रुंद परात सरकवावी आणि रेडिएटरच्या तळाचा ड्रेन कॉक सोडावा. हा कॉक पुष्कळदा प्लॅस्टिकचा असतो आणि वर्षानुवर्षांनी ठिसूळ होतो, त्यामुळे पक्कड लावण्याचा मोह आवरावा. माझ्या गाडीतून निघालेले पाणी चहाच्या रंगाचे होते आणि परातीच्या तळाशी बारीक गंज बसला होता. मग स्वच्छ पाणी भरून, इंजिन तापवून, गार करून पुन्हा सोडावे, आणि पाणी निर्मळ येईपर्यंत हेच करावे. शेवटची फेरी डिस्टिल्ड वॉटरची असावी, कारण जड पाण्यातले क्षार आत पापुद्रे धरतात.

पुढचा हिशेब बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. रेडिएटर रिकामा झाला तरी ब्लॉकमध्ये आणि हीटरमध्ये पाणी उरतेच. समजा एकूण क्षमता १२ लिटर आहे आणि कॉकमधून ७ लिटरच निघाले, तर आत ५ लिटर साधे पाणी शिल्लक आहे. त्यावर तयार निम्मे-निम्मे मिश्रण ७ लिटर ओतले, तर एकूण प्रमाण ३० टक्क्यांच्याही खाली जाते. म्हणून न मिसळलेले कूलंट आधी ६ लिटर घालावे आणि राहिलेली जागा डिस्टिल्ड वॉटरने भरावी. नुसते कूलंटच भरणेही चूक आहे, कारण उष्णता वाहून नेण्यात पाणीच सरस असते.

भरून झाले की एअर काढण्याचे काम उरते, आणि ते घाईने करू नये. गाडीचे तोंड किंचित चढावर ठेवावे, हँडब्रेक ओढून चाकांना अडण लावावी, म्हणजे रेडिएटरचे तोंड सर्वांत उंच येते. झाकण न लावता थंड इंजिन सुरू करावे. ८०-९० अंशांच्या दरम्यान थर्मोस्टॅट, म्हणजे रेडिएटरकडे जाणारे पाणी अडवून धरणारा व्हॉल्व्ह, उघडतो. त्या क्षणी वरचा होज पाइप एकाएकी गरम लागतो, बुडबुडे येतात आणि पातळी झपकन खाली जाते. तेव्हा हळूहळू भर घालावी आणि बुडबुडे थांबल्यावरच झाकण लावावे. इंजिन तापलेले असून हीटर गार हवा देत असेल, तर आत अजून एअर आहे असे समजावे.

काढलेले जुने कूलंट बंद डब्यात ठेवून गॅरेजकडे किंवा संकलन केंद्रात द्यावे. ते चवीला गोड आणि अत्यंत विषारी असते. कुत्रा, मांजर किंवा लहान मूल त्याकडे ओढले जाण्याचा धोका खरा आहे. ते जमिनीवर किंवा गटारात मुळीच ओतू नये.

एक मात्र बाबा, कूलंट घालण्याआधी पाणी कुठे जाते ते शोधले पाहिजे, कारण धडधाकट गाडीत पातळी अशी वरचेवर उतरत नाही. होज पाइप क्लॅम्पजवळ दाबून पाहा. तिथे ते आधी मऊ पडतात. झाकणाचे रबर चिरले आहे का ते पाहा. वॉटर पंपाच्या खालच्या अंगाला मुद्दाम ठेवलेले बारीक भोक असते, त्यातून ओघळ दिसला तर आतले सील गेले आहे. हे सगळे कोरडे असेल, ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ फेस असेल किंवा इंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर येत राहत असेल, तर हेड गॅस्केटचा (ब्लॉक आणि हेड यांच्यामधल्या सीलचा) संशय घ्यावा आणि तोवर गाडी लांब नेऊ नये. यांतले काय आढळते ते दादाला फोटो काढून पाठवायला सांगा, आणि गाडीच्या पुस्तकातले कूलंटचे पानही पाठवा. कोणता प्रकार आणि किती लिटर घ्यायचा ते मी लगेच कळवतो.

सौ. आईस साष्टांग नमस्कार.

आपला,
धाकटा