शेपूट हलली का ते तू सांग

इंदिरानगर, रात्रीचा दीड

प्राजे,

फोन उचलला नाही, मेसेजला नुसते अंगठे पाठवले, माहितीय मला. शिव्या नंतर घाल, आधी वाच. बाबांची शुगर आटोक्यात, माझी मान आहे तशीच, बाकी सगळे बरे. पडवळ बरा नाहीये.

घंटागाडीचं गाणं वाजलं की हा दिवाणावरून उडी मारून दारात, आठवतंय ना. गेल्या महिन्यात गाणं वाजलं आणि हा जागेवरूनच भुंकत राहिला. मग यायला लागला तर पुढचे पाय टाकतोय आणि मागचे दोन्ही फरशीवर घसटत येतायत. मणक्यातली गादी सरकलीय. छातीचे मणके संपून कमरेचे सुरू होतात तिथे, तेराव्याच्या आसपास. या लांबुळक्या, बुटक्या डॅशहुंड कुत्र्यांमध्ये दर 4-5 जणांत एकाला हे होतंच म्हणे, पाय आखूड ठेवणारा जो जीन असतो तोच गाद्याही लवकर वाळवतो. म्हणजे ज्या ध्यानावर हसून तू हे नाव ठेवलंस तेच नडलं. (मी ब्रूनोच म्हणत होते, लेखी नोंद असू दे.)

डॉक्टरांनी चिमट्याने मागच्या पायाचं बोट आवळलं, पाय झटकन आखडला, मी खूश. तर म्हणाले याला काही अर्थ नाही, हे कण्यातल्या कण्यात होतं, मेंदूला पत्ताच नसतो. मग अजून जोरात आवळलं तेव्हा साहेबांनी मान वळवून त्यांच्या मनगटाला दात लावले. डॉक्टर म्हणे शाब्बास! चावला म्हणजे खाली दुखतंय ते वर कळतंय. संवेदना आहे तोवर सहा आठवडे सक्तीची विश्रांती देऊन बघू, ती गेली तर मात्र एक दिवससुद्धा थांबायचं नाही, ऑपरेशन. सुहासचं म्हणणं आत्ताच मुंबईला नेऊ, एमआरआय करू. खर्चाचं बघता येईल गं, पण कसारा घाटातून याला हलवत न्यायचं म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. आम्ही दोघं रोज त्यावरून भांडतो, हळू आवाजात, कारण आवाज चढला की तो उठायला बघतो.

पिंपळगावच्या मामांकडचे द्राक्षांचे क्रेट उभे करून हॉलमध्ये कुंपण घातलंय. आत गादी, तिच्यावर प्लॅस्टिक, त्यावर चादर. कूस बदलायची, ओलं झालं की लगेच पुसायचं नाहीतर लघवीने कातडी सोलते, मागचे पाय हातात धरून सायकल चालवल्यासारखे हळूहळू फिरवायचे. आणि सू आपण काढायची, दर सहा तासांनी. पोटाच्या मागच्या भागात दोन्ही हातांनी चाचपत गेलं की मोसंबीएवढं लागतं, ते हळूहळू दाबत राहायचं. पहिल्यांदा काही येईना, मी रडकुंडीला, तो माझ्याकडे असा बघतोय की बाई, तुला जमत नसेल तर सांग. आता धार बरोबर वाटीत पडते. सासूबाई, ज्या चादरीवर कुत्र्याचा एक केस दिसला की आख्खं घर डोक्यावर घ्यायच्या, त्या आता वाटी धरून उभ्या असतात, वर पिवळी आहे की गढूळ ते मला सांगतात.

पण तुला लिहितेय ते वेगळ्याच गोष्टीसाठी. परवा त्याची शेपूट हलली. नुसतं टोक. डॉक्टरांनी बजावलंय, शेपूट हललेली मोजायची नाही, हाक मारल्यावर हलली तर मोजायची, कारण तिथे हात लागला, सू काढताना दाबलं, की ती आपोआपही हलते. आणि मी तेव्हा नेमकी पोट दाबत होते, आणि तोंडाने ‘पडू, शहाणा माझा’ असंही म्हणत होते. आता कशाने हलली? घरात मी रोजच ‘आज हलली’ म्हणते, त्यामुळे कोणी मान वर करून बघत पण नाही. मलाच कळत नाही गं, हलली का मला हलायला हवी होती म्हणून दिसली.

माईंचा अंगठा हलला असं तू म्हणायचीस आणि तो फिजिओवाला नाही म्हणायचा. आणि शेवटी तूच बरोबर निघालीस. तुला कसं कळलं होतं? काय बघत होतीस नेमकं? आम्ही सगळे तर तुझी समजूत काढत होतो.

काल हात न लावता, लांब उभी राहून हाक मारली आणि व्हिडिओ काढले. शेवटचे दोन पाठवतेय, कुठला कोणता ते सांगत नाही, एकात मी बोलतेय आणि एकात गप्प आहे. आवाज बंद करून बघ आणि कुठल्यात हलली ते सांग. माझं मन राखायला जाऊ नकोस, पैठणीवर डाग पाडून ‘आधीपासूनच होता’ म्हणालीस तशी तर मुळीच नको.

तुझ्या प्रमोशनचं कळलं, मनापासून अभिनंदन, पार्टी बाकी आहे. ओवीचं दहावीचं वर्ष ना? तिला म्हणावं मावशीला फोन कर. घराचं काय झालं, बिल्डरने चावी दिली का? सगळं सविस्तर लिही, पण आधी व्हिडिओ बघ. साडेतीनला परत सू काढायला उठायचंय, तोवर जागीच आहे.

तुझी,
नीलू

ता.क. सुहासला यातलं काही बोलू नकोस, तो लगेच गाडी बुक करेल.