'ळ' आम्ही कुठे लिहायचा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रोमन लिपीत नवी अक्षरं घालू पाहणाऱ्यांवरचा कालच्या पुरवणीतला लेख वाचला. लेखकाने रोमन सम्राट क्लॉडियसला लहरी ठरवून टाकलं, ते मुळीच पटलं नाही. त्याने आणलेली तीन अक्षरं इ. स. ५४ मध्ये तो गेल्यावर मागे पडली, हे खरं. पण त्यातलं उलटं एफ कशासाठी होतं? 'उ' आणि 'व' एकाच अक्षराने लिहीत, ते वेगळे दिसावेत म्हणून. आज यू आणि व्ही वेगळे आहेतच ना? मग त्याची गरज खोटी कशी? जर्मनांनी तर २०१७ मध्ये त्यांच्या एस्सेट या अक्षराचं मोठं (कॅपिटल) रूप अधिकृत केलं.

आमच्याकडे जळगाव, धुळे, पारोळा, चाळीसगाव, 'ळ'शिवाय पान हलत नाही. इंग्रजी पाटीवर भुसावळ आणि यावल यांचा शेवट एकच, डब्ल्यू ए एल. परक्या माणसाने 'ल' कुठे म्हणायचा आणि 'ळ' कुठे?

माझं आडनाव माळी. वडील गेल्यावर वारसनोंदीला गेलो, तर सातबाऱ्यावर माळी आणि माझ्या ओळखपत्रावर माली. इंग्रजी स्पेलिंगवरून संगणकाने केलेलं मराठी! टेबलामागच्या बाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवले, त्या दोन अक्षरांभोवती पेन्सिलीने गोल काढले आणि म्हणाल्या, "ही दोन माणसं आहेत." केळीची बाग कापणीला आलेली असताना प्रतिज्ञापत्रासाठी चार चकरा झाल्या. ज्यांचं बोट धरून त्या बांधावर चालायला शिकलो, त्यांचाच मी मुलगा, हे साठीनंतर लिहून द्यावं लागलं. फार लागलं ते मनाला.

विद्वान मंडळी एलखाली टिंब देऊन 'ळ' लिहितातच. तेवढं टिंब सरकारी अर्जात घ्यायला काय हरकत आहे?

कोणी म्हणेल, अहिराणीत तुम्हीच जळगावला जयगाव म्हणता. म्हणतो. माझी आई डोळ्याला 'डोया'च म्हणायची. पण तो 'य' आमच्या तोंडचा आहे, कोणी लादलेला नाही.

आणि हो, बुधवारी आपण पहिल्या पानावर 'पारोला' छापलंत. आपल्याकडून तरी ही अपेक्षा नव्हती. अहिराणीचं सदरही दोन महिने दिसलेलं नाही. ते बंद केलं असेल तर तसं कळवावं.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, ता. यावल