घरात बसवलेल्या रोपभिंतीच्या सदोष कामाबद्दल तक्रार

सोलापूर
दिनांक : १० जुलै २०२५

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,
पुणे कार्यालय

विषय : जिवंत रोपभिंतीचे सदोष काम, देखभालीतील हलगर्जी आणि दिशाभूल करणारे माहितीपत्रक

महोदय,

गेल्या दिवाळीनंतर आपल्या कंपनीने सोलापुरातील आमच्या घरी दहा फूट बाय आठ फुटांची रोपभिंत, म्हणजे भिंतीवरच्या उभ्या पॅनेलमध्ये लावलेली जिवंत रोपे, बसवली. त्यासाठी आम्ही १,२०,००० रुपये दिले आणि वर्षभराच्या देखभालीचे १८,००० रुपये आगाऊ भरले. आज त्या भिंतीवरची निम्म्याहून अधिक रोपे मेली आहेत आणि मागच्या भिंतीला ओल आली आहे. ग्राहक सेवेकडे फोन केला की एकच उत्तर मिळते : मेलेली रोपे काढून तिथे कृत्रिम पाने लावून देतो, लांबून फरक कळणार नाही. हे मला मान्य नाही.

माझ्या वडिलांचे आयुष्य सांगोला तालुक्यात डाळिंबाच्या बागेत गेले. पक्षाघातानंतर ते अंथरुणाला खिळले आणि आमच्याकडे राहायला आले. त्यांच्या खोलीला एकच खिडकी आहे, तीही बोळाकडे उघडते. पडल्या पडल्या समोर काहीतरी वाढताना दिसावे, कुठे नवे पान फुटले, कोणती वेल पुढे सरकली, हे त्यांना पाहता यावे म्हणून ही भिंत घेतली. आपल्या प्रतिनिधीला हे पहिल्याच भेटीत सांगितले होते, आणि त्यांनीही ‘काका, तुमची बागच घरात आणतो’ असा शब्द दिला होता. अशा माणसासमोर प्लास्टिकची पाने टांगायची मला लाज वाटते.

तो प्रतिनिधी आला, मोबाईलवर खोलीचे फोटो काढले, फुटपट्टीने माप घेतले आणि गेला. उजेड मोजला नाही. खोलीत येणारा उजेड किती, कोणत्या बाजूने आणि किती तास, हे विचारलेसुद्धा नाही. वर शोभेचे तीन पिवळे दिवे लावले, ज्यांचा झोत भिंतीच्या मधल्या भागावरच पडतो. पुढे भाच्याच्या महाविद्यालयातून उजेड मोजणारा लक्समीटर आणून आम्ही मोजले, तेव्हा दिवे चालू असतानाही खालच्या ओळींत शंभर लक्स भरले नाहीत. भिंतीवरच्या दाट लागवडीला साधारण हजार लक्स आणि तो उजेड रोज दहा-बारा तास हवा, ही या व्यवसायातली प्राथमिक गोष्ट आहे. मनीप्लांट आणि सिंगोनियम सोशिक, म्हणून खिडकीकडे माना वळवून, लांबट देठांवर का होईना, अजून तगून आहेत. फर्न आणि पेपरोमिया मात्र उन्हाळ्याच्या आधीच गेले.

पाण्याबाबत जे झाले त्याचा मला सर्वांत जास्त राग आहे. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. वापराचे पाणी बोअरचे आहे आणि ते क्षारयुक्त आहे. बादलीला पांढरा थर धरतो, गिझरची कॉइल खराब होते, हे सोलापुरात कुणालाही विचारा. आपण या पाण्याची तपासणी न करता ते थेट खालच्या टाकीत सोडले, पंपाने वर चढवले आणि निथळलेले पाणी पुन्हा त्याच टाकीत घेतले. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात, आणि प्रत्येक फेरीला तेच पाणी अधिक खारट होत मुळांशी जाते. नळीवर साधा जाळीचा फिल्टरही नाही. मार्च संपेपर्यंत वरच्या ओळींचे ड्रिपर, म्हणजे थेंबाथेंबाने पाणी सोडणारी ठिबकची तोंडे, बंद पडले होते.

हे निदान कुणा तज्ज्ञाचे नव्हे, माझ्या वडिलांचे आहे. वरची रोपे सुकताहेत आणि खालची पिवळी पडताहेत, असे मी त्यांना सांगितले. त्यांनी एक ड्रिपर काढून हातात द्यायला लावला, नखाने खरवडला आणि म्हणाले, ‘चुना बसलाय. आम्ल सोडलं नाही का कधी?’ मग मधल्या ओळीतले एक पान मागितले. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा पाहून त्यांनी लोहाची कमतरता सांगितली. खालच्या ओळीतले रोप उपटून बघायला सांगितले, तर मुळे काळी आणि बुळबुळीत निघाली. पंप थांबला की नळीत राहिलेले सगळे पाणी खालच्या ड्रिपरमधून गळत राहते, म्हणून तिथे मूळकूज, हेही त्यांनीच सांगितले. दाब सारखा ठेवणारे आणि पंप थांबताच बंद होणारे ड्रिपर बाजारात मिळतात. ठिबकच्या नळ्या धुणे आणि आम्लप्रक्रिया करणे आमच्या भागातला कोणताही बागायतदार नेमाने करतो. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र याच शहरात आहे. ज्या जिल्ह्यात लोकांनी ठिबकवर बागा जगवल्या, तिथे लाखभर रुपये घेणाऱ्या कंपनीने ठिबक इतके अज्ञानाने बसवावे, हे मला फार लागले.

देखभालीच्या करारात दर पंधरवड्याला माणूस येईल असे लिहिले आहे. तो येतो तेव्हा येतो, आणि आला तरी वाळलेली पाने खुडून निघून जातो. मे महिन्यात पिठ्या ढेकूण झाल्याचे दिसताच त्याने वडील पलंगावर असताना, आम्हाला न सांगता, बंद खोलीत कीटकनाशक फवारले. वडिलांना दम्याचा त्रास आहे. त्या रात्री आम्हाला डॉक्टरांना घरी बोलवावे लागले. औषध कोणते होते हे विचारले तर त्याला नाव सांगता आले नाही, बाटलीवर लेबल नव्हते. हा प्रकार रोपे मरण्यापेक्षा कितीतरी गंभीर आहे. त्याचा लेखी खुलासा आणि औषधाचे नाव मला सर्वांत आधी हवे आहे.

भिंतीबद्दल थोडक्यात सांगते. पॅनेल आणि विटांच्या भिंतीमध्ये हवा खेळायला जागा सोडलेली नाही आणि पाणी अडवणारा सलग पत्राही नाही. पॅनेल थेट प्लास्टरवर खिळले आहेत. पलीकडे स्वयंपाकघर आहे. तिथले रंगाचे पोपडे सुटले, लोणा धरला आणि कपाटाच्या पाठीला बुरशी आली. डाळी-पिठांचे डबे आम्ही तिथून हलवले आहेत.

आता आपल्या माहितीपत्रकाकडे वळते. पहिल्या पानावर पॅरिसच्या के ब्रांली संग्रहालयाच्या हिरव्या दर्शनी भिंतीचे छायाचित्र आहे. ती भिंत पॅट्रिक ब्लाँ या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाची आहे. मातीशिवाय, कातळावर आणि जंगलाच्या सावलीत वाढणाऱ्या वनस्पतींचा वर्षानुवर्षे अभ्यास करून त्यांनी आपली पद्धत बसवली. आपल्याकडे सह्याद्रीत पावसाळ्यात ओल्या कातळांवर बेगोनिया फुलतो, त्याच निसर्गक्रमाचा तो अभ्यास आहे. त्यात रोपांची निवड जागेचा उजेड आणि हवामान पाहून होते. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडणाऱ्या गावात, कोरड्या हवेच्या खोलीत, बॉस्टन फर्नची रांग लावणाऱ्याने ते छायाचित्र वापरू नये.

त्याच पत्रकात ‘नासाने सिद्ध केलेले : खोलीतील हवा पूर्ण शुद्ध’ असे छापले आहे. वडिलांच्या दम्यामुळे आम्ही या वाक्यावर विशेष विसंबलो होतो. नासाचा तो अभ्यास १९८९ चा आहे आणि त्यातले प्रयोग लहान, हवाबंद पेट्यांमध्ये झाले. दारे-खिडक्यांतून हवा ये-जा करणाऱ्या घराला ते निष्कर्ष जसेच्या तसे लागू होत नाहीत. अशा अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. साध्या वायुवीजनाइतकी हवा शुद्ध व्हायला जमिनीच्या दर चौरस मीटरमागे १० ते १,००० रोपे लागतील, असा त्याचा निष्कर्ष आहे. घरात झाडे असण्याने मन निवते, यावर माझा पूर्ण विश्वास आहे आणि माझ्यासाठी तेवढे कारण पुरेसे होते. पण आजारी माणसाच्या घरात औषधासारखा दावा करून वस्तू विकणे ही ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार दिशाभूल करणारी जाहिरात आहे, आणि वर वर्णन केलेले काम ही सेवेतील त्रुटी आहे.

माझी मागणी अशी. उद्यानविद्येचे शिक्षण घेतलेल्या माणसाला आमच्याकडे पाठवा. त्याने बोअरच्या पाण्याची तपासणी करून, उजेड मोजून, लेखी आराखडा द्यावा. सध्याचे पॅनेल काढून घ्या, मागची भिंत वाळू द्या आणि दोन्ही बाजूंच्या प्लास्टर व रंगाचा खर्च भरा. त्यानंतर योग्य अंतर सोडून, जलरोधक पाठ, फिल्टर, योग्य ड्रिपर आणि रोपवाढीचे दिवे बसवून, या उजेडाला आणि या पाण्याला टिकतील अशीच रोपे लावा. आकार निम्मा झाला तरी चालेल, आमची हरकत नाही. फवारणी वडिलांच्या खोलीत कधीही होणार नाही, हे करारात लिहून द्या. हे जमणार नसेल तर रोपभिंतीची संपूर्ण रक्कम, देखभालीची उरलेली रक्कम आणि भिंतदुरुस्तीचा खर्च परत करा. कृत्रिम पानांचा पर्याय पुन्हा सुचवू नये.

हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाईन. फोनवरचे आश्वासन उत्तर म्हणून धरले जाणार नाही.

आपला माणूस येणार असेल तर सकाळी दहानंतर पाठवा. त्या वेळी वडील जागे असतात आणि ठिबकबद्दल त्यांना स्वतः बोलायचे आहे.

आपली,
(सही)
ग्राहक

सोबत : पावत्यांच्या आणि देखभाल कराराच्या प्रती, माहितीपत्रकाची प्रत, भिंतीची व मुळांची छायाचित्रे, डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत