चुनखडी मिसळणे म्हणजे भेसळ नव्हे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

चुनखडीची पूड मिसळलेल्या सिमेंटला ‘भेसळीचे सिमेंट’ म्हणणारे एका वाचकाचे पत्र आपल्या अंकात वाचले. काँक्रीट तपासणीच्या प्रयोगशाळेत मी २२ वर्षे ताकद तपासण्यासाठी काँक्रीटचे ठोकळे फोडले, म्हणून लिहिल्यावाचून राहवले नाही.

क्लिंकरसोबत, म्हणजे भट्टीत भाजून निघालेल्या सिमेंटच्या मूळ गोळ्यांसोबत, दळलेली चुनखडी नुसती भर नसते. ती मऊ असल्याने जास्त बारीक दळली जाते, क्लिंकरच्या कणांमधल्या फटी भरते आणि तिच्या पृष्ठभागावर सिमेंट लवकर धरू लागते. थोडी चुनखडी सिमेंटमधल्या अ‍ॅल्युमिनेट या घटकाशी संयोगही पावते. मात्र हा रासायनिक फायदा पहिल्या पाचेक टक्क्यांतच बहुतेक संपतो. पुढे क्लिंकर कमी होत जाते, इतकेच. अमेरिकी मानकात १५ टक्क्यांपर्यंत, तर युरोपीय मानकात ३५ टक्क्यांपर्यंत चुनखडी चालते. या दोन टोकांची सिमेंटे एकाच नावाखाली वापरणे मला धोक्याचे वाटते.

२८ दिवसांच्या ठोकळ्याची ताकद भरली की सगळे निश्चिंत होतात. टिकाऊपणा त्यात दिसत नाही. एकाच मिश्रणाचे दोन ठोकळे मी वर्षभराने फोडून त्यांवर फिनॉल्फ्थॅलिन (चुना शाबूत असेल तिथे गुलाबी होणारे रसायन) फवारले होते. सात दिवस पाण्यात ठेवलेला जवळजवळ कडेपर्यंत गुलाबी झाला. दुसऱ्याच दिवशी उघड्यावर टाकलेल्याची कड नखभर खोल बिनरंगी राहिली. तेवढ्या भागातला, सळईला गंजापासून जपणारा चुना हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने संपवला होता. या बिनरंगी भागाची रेघ सळईपर्यंत पोचली आणि ओल मिळाली की गंज धरतो. कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, निम्मे ठेवले, तर ती साधारण चौथ्या हिश्श्याच्या वेळात तिथवर पोचते! क्लिंकर कमी असेल तर चुन्याचा हा साठाही कमी, म्हणून अशा सिमेंटला मिश्रणातले पाणी मोजूनच घालावे लागते आणि क्युरिंग (काँक्रीट ओले ठेवणे) एक दिवसही कमी करता येत नाही.

सल्फेट (गंधकाचे क्षार) असलेल्या थंड, ओल्या जमिनीत आणखी जपावे. तिथे चुनखडी आणि सल्फेट यांमुळे थॉमासाइट नावाचे खनिज तयार होऊन काँक्रीटचा लगदा होऊ शकतो. ब्रिटनमध्ये १९९८ साली एका महामार्गाच्या पुलांच्या पायांत हेच आढळले. तिथे चुनखडी खडीतून आली होती.

माझी मागणी एवढीच, की गोणीवर चुनखडीचे नेमके टक्के ठळक छापावेत. अमेरिकी मानकात तो आकडा सिमेंटच्या नावातच असतो. गोणी फोडणाऱ्या गवंड्यालाही तो वाचता आला पाहिजे.

आपला,
एक निवृत्त काँक्रीट तपासनीस