कुटुंब हे केवळ ठेवीदार नव्हे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

भारतीय कुटुंबांची बचत घटत चालली असून त्यामुळेच खासगी गुंतवणुकीला भांडवल कमी पडते आहे, असा सूर अलीकडे वृत्तपत्रांतील अर्थविषयक लेखनातून वारंवार उमटतो. त्यामागची चिंता रास्त आहे; परंतु निदान अपुरे आहे, आणि त्यातून निघणारा काटकसरीचा उपदेश ज्यांना केला जातो त्यांच्या हाती या दुखण्याचा उपाय नाही.

रिझर्व्ह बँकेच्या आकडेवारीनुसार २०२०-२१ मध्ये, टाळेबंदीमुळे खर्चच थांबले असताना, कुटुंबांची निव्वळ वित्तीय बचत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या साडेअकरा टक्क्यांच्या आसपास गेली होती; २०२२-२३ मध्ये ती पाच टक्क्यांच्या आसपास उतरली. मात्र वर्षभरात ठेवी, विमा, भविष्य निर्वाह निधी, समभाग यांत घातलेल्या रकमेतून त्याच वर्षी वाढलेले कर्ज वजा केले की जे उरते, त्याला निव्वळ बचत म्हणतात. २०२२-२३ मध्ये कुटुंबांनी बाजूला टाकलेली एकूण रक्कम उत्पादनाच्या जवळपास ११ टक्के होती, म्हणजे करोनापूर्वीच्या पातळीपेक्षा फार कमी नव्हती. वाढले ते कर्ज. आधीची काही वर्षे चार टक्क्यांच्या आसपास असलेला हा आकडा पावणेसहा टक्क्यांच्या घरात गेला. लोक घरे आणि वाहने घेण्यासाठी कर्ज काढत आहेत, असे अर्थ मंत्रालयाने तेव्हा सांगितले. त्यात तथ्य आहे, पण तेवढेच खरे असते तर नोव्हेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेला विनातारण वैयक्तिक कर्जांवरील जोखीम भार (म्हणजे अशा कर्जापोटी बँकेने किती भांडवल राखायचे हे ठरवणारे प्रमाण) १०० वरून १२५ टक्के करावा लागला नसता.

दुसरी बाजू कंपन्यांची. सप्टेंबर २०१९ मध्ये कंपनी कराचा मूळ दर ३० वरून २२ टक्क्यांवर आणि नव्या उत्पादक कंपन्यांसाठी १५ टक्क्यांवर आणला गेला. त्यापोटी वर्षाला १ लाख ४५ हजार कोटी रुपयांच्या महसुलावर पाणी सोडावे लागेल, असा सरकारचाच अंदाज होता. कंपन्यांचे ताळेबंद सुधारले, जुनी कर्जे फिटली. पण २००७-०८ मध्ये खासगी कंपन्यांची गुंतवणूक उत्पादनाच्या १७ टक्क्यांच्या घरात पोहोचली होती, ती पातळी पुन्हा दिसलेली नाही. पैशाची चणचण हे त्याचे कारण मानता येत नाही. हाती असलेल्या यंत्रांपैकी चौथा हिस्सा जर मागणीअभावी पडून राहात असेल, तर कोणताही शहाणा कारखानदार नवी यंत्रे बसवणार नाही. ज्या कुटुंबाने मालाची मागणी निर्माण करायची, तेच हप्त्यांखाली दबलेले असेल तर ही कोंडी काटकसरीने फुटणार कशी?

या साऱ्या चर्चेत एक मोठी गोष्ट नजरेआड होते आणि मुख्यतः तिच्यासाठीच हे पत्र लिहीत आहे. आपल्या राष्ट्रीय हिशेबात कुटुंब क्षेत्र म्हणजे केवळ पगारदार आणि निवृत्तिवेतनधारक नव्हेत. शेतकरी, दुकानदार, एकट्याच्या मालकीचे छोटे कारखानदार हे सारे त्याच क्षेत्रात मोडतात. विहीर खोदणे, पाइपलाइन टाकणे, लेथ घेणे ही कुटुंबांचीच गुंतवणूक. शेअर बाजारातील नोंदलेल्या कंपन्यांच्या घोषणांवर डोळे लावून बसलेल्यांना देशातील खासगी गुंतवणुकीचा हा भाग दिसतच नाही.

ज्या गावात माझी बँकेतील बरीचशी नोकरी झाली, त्या इचलकरंजीचे उदाहरण देतो. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातार यांनी येथे पहिला यंत्रमाग सुरू केला आणि पुढे घराघरांतल्या पुंजीतून हे वस्त्रनगर उभे राहिले. आज ज्याच्याकडे आठ-दहा साधे माग आहेत आणि जो व्यापाऱ्याचे सूत घेऊन मजुरीवर कापड विणून देतो, त्या खर्चीवाल्या यंत्रमागधारकाला टिकून राहायचे तर साधे माग काढून निदान दोन रॅपियर, म्हणजे धोट्याविना चालणारे वेगवान आधुनिक माग, घ्यावे लागतात. त्याच्या घरी बचत असते. बायकोची भिशी असते, पोस्टातली आवर्ती ठेव असते, मुलीच्या लग्नासाठी केलेले दागिने असतात, आणि बँकेत दोन-अडीच लाखांची मुदत ठेवही असते. तो मागासाठी मुदत कर्ज मागायला येतो तेव्हा त्याच्याकडे घर तारण मागितले जाते. घराच्या मिळकत पत्रिकेवर तीन भावांची नावे असतात, त्यातला एक पुण्यात असतो, सही मिळत नाही आणि अर्ज पडून राहतो. वास्तविक सूक्ष्म व लघु उद्योगांना ठरावीक मर्यादेपर्यंतच्या (२०१० मध्ये ही मर्यादा १० लाख होती) कर्जासाठी तारण मागू नये, अशी रिझर्व्ह बँकेची सूचना २०१० पासून आहे आणि अशा कर्जांना हमी देणारी पतहमी योजना तर २००० पासून आहे. पण कर्ज थकले की जाब शाखाधिकाऱ्याला द्यावा लागतो, आणि अर्ज नाकारल्याबद्दल मात्र त्याला कोणीच काही विचारत नाही. या भीतीचे वजन मी खुर्चीत बसून अनुभवले आहे.

मग तोच माणूस शेजारच्या खिडकीवर दागिने ठेवतो आणि त्याला तासाभरात सोनेतारण कर्ज मिळते. हे कर्ज वर्षाच्या मुदतीचे असते, तर मागाची किंमत वसूल व्हायला पाच-सात वर्षे लागतात. कापडाची मजुरी उतरली की व्याज भरून कर्जाचे नूतनीकरण होते, पुढच्या वर्षी पुन्हा होते, आणि एखाद्या मंदीत दागिने लिलावात निघतात. बँकेच्या पुस्तकात मात्र हे कर्ज सर्वांत सुरक्षित ठरते. देशातील सोनेतारण कर्जे झपाट्याने वाढत आहेत, याचे मला म्हणूनच कौतुक वाटत नाही.

तरुण पिढीची बचत म्युच्युअल फंडांच्या एसआयपीकडे वळते आहे, हे काही अंशी चांगलेच आहे. परंतु बाजारात आधीपासून असलेला समभाग विकत घेतला की पैसा तो विकणाऱ्याकडे जातो. त्यातून नवा कारखाना उभा राहातोच असे नाही. शेअर बाजारातील वायदे व ऑप्शन (एफ अँड ओ) व्यवहारांबद्दल तर बाजाराची नियामक असलेल्या सेबीचाच अहवाल बोलका आहे. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वैयक्तिक व्यवहार करणाऱ्यांपैकी ९३ टक्के लोक तोट्यात गेले आणि त्यांचा एकत्रित तोटा १ लाख ८० हजार कोटी रुपयांहून अधिक होता. एवढ्या रकमेत किती माग बदलले गेले असते, या विचाराने जीव हळहळतो.

म्हणून धोरणकर्त्यांकडे माझी मागणी उपदेशाची नाही. तारणाविषयीची सूचना शाखा पाळतात की नाही, याची तपासणी शाखानिहाय व्हावी. नियमानुसार दिलेले छोटे मुदत कर्ज थकले तर शाखाधिकाऱ्याला संरक्षण असावे आणि नाकारलेल्या प्रत्येक अर्जाचे कारण लेखी दिले जावे. यंत्रे बदलण्यासाठी १९९९ पासून चालत आलेली वस्त्रोद्योगातील तंत्रज्ञान सुधारणा निधी योजना मार्च २०२२ मध्ये संपली. तिची जागा घेणारी, खर्चीवाल्यापर्यंत पोहोचणारी योजना हवी.

आपल्या दैनिकालाही एक विनंती आहे. प्रत्येक जिल्ह्यात अग्रणी बँकेच्या (जिल्ह्यातील बँकांचा समन्वय सोपवलेल्या बँकेच्या) पुढाकाराने बँकांच्या समितीची बैठक दर तिमाहीला होते आणि जिल्ह्यातील ठेवींच्या तुलनेत तेथेच किती कर्ज दिले गेले, याचे आकडे तीत मांडले जातात. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी असूनही या बैठकीची बातमी क्वचितच छापून येते. आपल्या जिल्हा आवृत्त्यांनी हे आकडे तालुकानिहाय मिळवून, त्यांतील उद्योगांची मुदत कर्जे आणि सोनेतारण कर्जे वेगवेगळी दाखवून, दर तीन महिन्यांनी प्रसिद्ध करावेत. पुढच्या बैठकीआधी लोकप्रतिनिधींच्या हाती हे कात्रण असेल, तर बँकांना उत्तरे द्यावी लागतील.

आपला विश्वासू,
एक निवृत्त बँक अधिकारी, इचलकरंजी