प्लांकच्या स्थिरांकालाही जागा द्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पुंजयांत्रिकीवरचा (क्वांटम मेकॅनिक्सवरचा) लेख वृत्तपत्रात आला की तो बहुधा श्रोडिंगरच्या मांजरापासून सुरू होतो आणि ‘सारेच अजब’ म्हणून संपतो. हा सगळा डोलारा ज्या आकड्यावर उभा आहे, त्या प्लांकच्या स्थिरांकाचे नावही त्यात क्वचितच असते. पाठ्यपुस्तकांतही तो सूत्राशेजारी पाठ करायला दिलेला असतो. याची मला मनापासून खंत वाटते.

तापलेल्या वस्तूतून बाहेर पडणाऱ्या प्रारणाचे गणित जुन्या भौतिकशास्त्राला सुटत नव्हते. १४ डिसेंबर १९०० रोजी बर्लिनमध्ये मॅक्स प्लांक यांनी ऊर्जा ठरावीक तुकड्यांत येते असे मानून ते सोडवले. एका तुकड्यातली ऊर्जा म्हणजे कंप्रता (दर सेकंदाला होणारी कंपने) गुणिले एच; हा एच म्हणजेच प्लांकचा स्थिरांक. हे आपण अगदी निरुपाय म्हणून केले, असे त्यांनी पुढे एका पत्रात लिहिले. आइनस्टाइन यांनी १९०५ मध्ये हीच कल्पना थेट प्रकाशाला लावली. रॉबर्ट मिलिकन यांना ती पटली नव्हती, म्हणून त्यांनी कित्येक वर्षे प्रयोग केले. १९१६ मध्ये त्यांच्या हाती आला तो त्याच समीकरणाला दुजोरा, आणि सोबत एचचे तोवरचे सर्वांत काटेकोर मापन!

हे मापन आज शाळेच्या प्रयोगशाळेतही करता येते. अंधाऱ्या खोलीत एलईडीला दिलेला विद्युतदाब हळूहळू वाढवत न्यायचा. लाल दिवा पावणेदोन व्होल्टच्या आसपास मिणमिणू लागतो, निळ्याला अडीचच्या आसपास जावे लागते. रंगांची कंप्रता आणि हे व्होल्ट यांचा आलेख काढला की त्याच्या चढावरून एच निघतो. उत्तर ढोबळच येते, पण ते मुलांनी स्वतः काढलेले असते.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. २० मे २०१९ पासून एचची किंमत मोजली जात नाही, ती व्याख्येनेच निश्चित आहे: ६.६२६०७०१५ गुणिले दहाचा उणे ३४ वा घात, एकक जूल-सेकंद. निसर्गातला आकडा माणसांनी कसा काय ठरवला, असे मुले विचारतात, आणि त्यांचा प्रश्न रास्त आहे. निसर्ग होता तिथेच आहे, ठरवले ते आपले एकक. जूल-सेकंदात किलोग्रॅम, मीटर आणि सेकंद दडलेले आहेत. मीटर आणि सेकंद आधीच पक्के होते, त्यामुळे एच पक्का करताच किलोग्रॅमही पक्का झाला. पॅरिसजवळ सेव्हर येथे जपलेला प्लॅटिनम-इरिडियमचा दंडगोल १८८९ पासून किलोग्रॅमचे प्रमाण होता. त्याच्या आणि त्याच्या प्रतिकृतींच्या वस्तुमानात शतकभरात सुमारे ५० मायक्रोग्रॅमची तफावत पडली होती, आणि खरे कोण हे ठरवायला दुसरे मापच नव्हते. ती अडचण आता उरलेली नाही.

विज्ञान पुरवणीत पुंजयांत्रिकीवर पुढचा लेख छापाल, तेव्हा एचचा आकडा पूर्ण द्यावा, ‘सुमारे’ न लिहिता. आणि जमल्यास सोबत एलईडीच्या प्रयोगाची कृतीही छापावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक