बेरीज छापता, तक्ताही छापा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

हिवाळी ऑलिम्पिक किंवा जागतिक स्पर्धा आली की फिगर स्केटिंगची बातमी आपल्या क्रीडा पानाच्या कोपऱ्यात येते. विजेत्याचे नाव, देश, एकूण गुण, आणि निकालावर ओरड झाली असेल तर ‘पंचांवर पक्षपाताचा आरोप’. बर्फ मासळीच्या पेटीतच पाहायला मिळतो अशा आपल्या किनाऱ्यावरही हा खेळ रात्री जागून पाहणारे लोक आहेत आणि ते तावातावाने भांडतातही. एक म्हणतो, उड्या हिने जास्त मारल्या. दुसरा म्हणतो, उड्या सोडा, नाचली ती. दोघांच्या हाती आकडा मात्र एकच असतो, बेरजेचा. बेरजेवर कितीही भांडले तरी हाती काही लागत नाही. आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटना म्हणजे आयएसयू प्रत्येक मोठ्या स्पर्धेनंतर गुणांचा संपूर्ण तक्ता जाहीर करते. त्यातला निदान कळीचा भाग आपण छापावा, एवढ्यासाठी हे पत्र.

आज हा तक्ता का आहे, ते आधी सांगायला हवे. २००४ पर्यंत पंच सहापैकी गुण देत, एक आकडा तंत्राला आणि एक सादरीकरणाला. त्यावरून प्रत्येक पंचाचा क्रम निघे आणि बहुमताने निकाल लागे. नऊ पंच पाच-चार असे विभागले गेले की एका माणसाच्या मतावर सुवर्णपदक फिरे. २००२ मध्ये सॉल्ट लेक सिटीला जोड्यांच्या स्पर्धेत तेच झाले. रशियाच्या बेरेझ्नाया-सिखारुलिद्झे यांना पाच मते, कॅनडाच्या सॅले-पेल्तिए यांना चार. फ्रान्सच्या पंच मारी-रेन ल गून्य यांनी आपल्यावर दबाव आल्याचे सांगितले, मग ते विधान फिरवले, आणि शेवटी कॅनडाच्या जोडीलाही सुवर्ण द्यावे लागले. त्या प्रकरणातून आजची पद्धत जन्मली. ऑलिम्पिकमध्ये ती पहिल्यांदा २००६ ला तुरिनमध्ये वापरली गेली.

आता तक्त्यातली एक ओळ जवळून पाहू. तीन फेऱ्यांची लुट्झ उडी, मूळ किंमत ५.९०. नऊ पंच तिच्या दर्जाला उणे ५ ते अधिक ५ यांपैकी एक आकडा देतात. समजा आकडे आले ३, २, ३, २, ४, २, ३, १, २. सर्वांत मोठा ४ आणि सर्वांत लहान १ काढून टाकायचे. उरलेल्या सातांची बेरीज १७, सरासरी सुमारे २.४३. दर्जाची एक पायरी म्हणजे मूळ किमतीचा दहावा भाग, इथे ०.५९. म्हणून १.४३ गुण वाढले आणि उडी ७.३३ ला गेली. ज्या पंचाने ४ दिला त्याने ३ दिला असता तरी उत्तर तेच आले असते. एकट्याने फार वर किंवा फार खाली जाऊन काही साधत नाही, हे चाहत्यांनी पक्के लक्षात घ्यावे. ‘एका पंचाने पाच दिले बघा’ ही ओरड बहुतेक वेळा फुकट असते.

उडी पूर्ण फिरली की नाही, योग्य धारेवरून मारली की नाही, हे ते नऊ पंच ठरवतच नाहीत. त्यासाठी तिघांचे वेगळे तांत्रिक मंडळ असते आणि ते चित्रफीत सावकाश फिरवून पाहते. फिरण्यात नेमकी पाव फेरी कमी पडली तर मूळ किंमत शाबूत राहते, दर्जात तेवढी कापणी होते. पाव फेरीहून जास्त पण अर्धीपेक्षा कमी उणीव असेल तर तक्त्यात एका बाणाची खूण येते आणि मूळ किमतीचे ८० टक्केच मिळतात. लुट्झचे ५.९० मग ४.७२ होतात. अर्धी फेरी किंवा त्याहून जास्त राहिली तर दोन बाण, आणि उडी दोन फेऱ्यांचीच धरतात, म्हणजे २.१०. एका खुणेत ३.८० गुणांचा फरक. पुष्कळ निकाल इथे फिरतात, आणि घरी पाहणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

धारेचे प्रकरण आणखी बारीक आहे. स्केटच्या पात्याला मधे पन्हळ असते, त्यामुळे त्याला आतली आणि बाहेरची अशा दोन धारा पडतात. घड्याळाच्या उलट दिशेने फिरणारा स्केटर लुट्झ मारताना डाव्या पायाच्या बाहेरच्या धारेवर मागे जात लांब वळण घेतो आणि उजव्या पायाची दातेरी टोच बर्फात रोवून वळणाच्या विरुद्ध दिशेला उडतो. शरीराला हे उलटे जाणे जड जाते, म्हणून टोच रोवण्याच्या ऐन क्षणी डावा घोटा आत कलंडतो. घोटा आत कलंडला की ती लुट्झ न राहता फ्लिप नावाची दुसरी उडी होते, आणि फ्लिपची किंमत ५.३०. धारेची ही चोरी स्पष्ट असेल तर चुकीच्या धारेची खूण येऊन लुट्झची मूळ किंमत ८० टक्क्यांवर येते. पुन्हा दाखवतात तेव्हा नजर हवेतल्या फेऱ्यांवर न ठेवता उडण्याआधीच्या डाव्या घोट्यावर ठेवावी. पण तांत्रिक मंडळाकडे बहुतेक स्पर्धांत एकाच कॅमेऱ्याचे चित्र असते आणि लुट्झ सहसा रिंकच्या कोपऱ्यात मारतात. तिरक्या कोनातून पाव फेरी आणि पाव फेरीहून थोडी जास्त यांतला फरक ओळखणे माणसाच्या डोळ्याला अवघडच. इथे दोष मंडळाच्या इमानाचा नसून साधनांचा आहे. दोन-तीन कोनांतून कॅमेरे लावणे हा यावरचा सरळ उपाय, आणि तो आजवर सर्वत्र का झाला नाही याचे पटणारे कारण मला दिसत नाही.

पडल्यावरही गुण कसे, हा प्रश्न नेहमी येतो. चार फेऱ्यांची लुट्झ ११.५० ची. पूर्ण फिरून पडला तर दर्जा उणे ५, म्हणजे निम्मी किंमत गेली, ५.७५ उरले, पडल्याचा एक गुण वेगळा वजा. हाती ४.७५. तीन फेऱ्यांची स्वच्छ, साधी लुट्झ ५.९० देते. २०१८ मध्ये दर्जाची पट्टी उणे ३ ते अधिक ३ वरून रुंद केली तेव्हा हे जमले. त्याआधी पडून मारलेली चार फेऱ्यांची उडी जास्त देऊन जायची. त्याच वर्षी पुरुषांच्या फ्री स्केटचा, म्हणजे दोनपैकी दुसऱ्या, मोठ्या सादरीकरणाचा वेळ साडेचार मिनिटांवरून चारवर आणि उड्या आठवरून सातवर आणल्या. हे बदल कलेच्या बाजूचे होते आणि योग्यच होते.

खरे दुखणे कलेच्या आकड्यांत आहे. कलेचे गुण ज्या घटकांत देतात त्यांना कंपोनंट म्हणतात. पूर्वी असे पाच कंपोनंट होते, २०२२-२३ च्या हंगामापासून तीन आहेत: रचना, सादरीकरण आणि स्केटिंगचे कौशल्य. प्रत्येकाला दहापैकी गुण, पाव-पाव गुणांच्या पायरीने. इथेही सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा आकडा गळतो, पण इथला पक्षपात टोकाला जातच नाही. एखाद्या पंचाने इतरांच्या टप्प्यातच राहून आपल्या आवडत्या स्केटरला तिन्ही कंपोनंटांत अर्धा-अर्धा गुण वाढवला, तर सातांच्या सरासरीत तो दर कंपोनंटला सुमारे ०.०७ भरतो. तिन्ही मिळून ०.२१. पुरुषांच्या फ्री स्केटमध्ये त्याला ३.३३ ने गुणतात, म्हणजे सुमारे ०.७१. प्रतिस्पर्ध्याचे तेवढेच कमी केले तर अंतर १.४ च्या पुढे. व्हँकुव्हरला २०१० मध्ये विजेता अमेरिकेचा इव्हान लायसाचेक आणि दुसरा आलेला रशियाचा येवगेनी प्लुशेंको यांच्यात एकूण फरक होता २५७.६७ विरुद्ध २५६.३६, म्हणजे १.३१. त्या निकालात गडबड होती असे मी म्हणत नाही. एवढ्याशा ढकलण्यात पदक बसते, एवढेच दाखवायचे आहे.

शिवाय उड्यांचा कडकडाट ऐकलेला पंच कलेलाही सढळ हाताने देतो. चार मिनिटांत एकामागून एक उड्या, गिरक्या, पदन्यास यांना आकडे द्यायचे, आणि त्याच डोळ्यांनी संगीत, वळणांची खोली, रिंकचा वापरही पाहायचा. हे एका माणसाचे काम नाही. काही पंचांनी दर्जाच पाहावा आणि काहींनी कंपोनंटच, अशी विभागणी करावी असे माझे ठाम मत आहे.

तक्ता वाचल्याने भांडण कसे जागेवर येते, याचे उत्तम उदाहरण सोची २०१४. महिलांच्या स्पर्धेत शॉर्ट प्रोग्रॅम म्हणजे पहिल्या, लहान सादरीकरणानंतर दक्षिण कोरियाची युना किम ७४.९२, रशियाची आदेलिना सोतनिकोवा ७४.६४. शेवटी सोतनिकोवा २२४.५९, किम २१९.११. जगभर ओरड झाली की कलेला डावलले. आता फ्री स्केटचा तक्ता घ्या. कंपोनंट: सोतनिकोवा ७४.४१, किम ७४.५०. कलेत किमच पुढे, नावापुरती का होईना. तांत्रिक गुण: सोतनिकोवा ७५.५४, किम ६९.६९. सगळा फरक इथला. सोतनिकोवाने तीन फेऱ्यांच्या सात उड्या मारल्या होत्या, किमने सहा. म्हणून ‘कला हरली’ हे वाक्य चुकीचे ठरते. विचारायचे प्रश्न दोन: दोघींची कला खरोखर इतकी बरोबरीची होती का, आणि दर्जाचे आकडे कोणी किती दिले? पहिल्यावर वाद घालता येतो. दुसऱ्याचे उत्तर मिळू शकले नाही, कारण तेव्हा तक्त्यात पंचांचे आकडे असत, पण कोणता आकडा कोणाचा हे झाकलेले असे.

२००२ नंतरचा हा उपाय मला सुरुवातीपासून उलटा वाटतो. पंचाचे मत गुप्त ठेवले तर त्याच्या देशाचा संघ त्याच्यावर दबाव आणू शकणार नाही, असा त्यामागचा हिशेब. प्रत्यक्षात प्रेक्षकाचे डोळे बांधले गेले. २०१६ मध्ये आयएसयूने ही गुप्तता उठवली. त्यानंतरच्या पहिल्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये, म्हणजे २०१८ च्या प्याँगचांगमध्ये, चीनच्या दोन पंचांनी आपल्या देशाच्या स्केटरांना झुकते माप दिल्याचे ठरून दोघांना निलंबित केले गेले. कोणी काय दिले हे आता घरी बसून कोणालाही पाहता येते.

आपल्याकडे हा विषय परका नाही. पावसात संगमेश्वर-लांज्याकडे चिखलात नांगरणीच्या स्पर्धा होतात, तिथे घड्याळ निकाल देते आणि कोणी कुरकुरत नाही. जाखडी या आपल्या गाण्या-नाचाच्या लोककलेत तसे नसते. शाहिराचे काव्य, चाल, ढोलकी, रिंगणातल्या पोरांचा पदन्यास, सगळे परीक्षकाच्या कानाडोळ्यांवर. मग निकालानंतर मंडपाबाहेर तासभर बाचाबाची होते, तीही बेरजेवरच. फिगर स्केटिंगमध्ये नांगरणी आणि जाखडी दोन्ही एकाच चार मिनिटांत मोजायची असते.

म्हणून विनंती नेमकी करतो. पहिल्या तिघांचे तांत्रिक गुण, कंपोनंट आणि वजा झालेले गुण वेगवेगळे द्यावेत. ज्या उडीवर बाणाची किंवा धारेची खूण आली ती सांगावी. निकाल दोन गुणांच्या आत लागला असेल तर नऊ पंचांचे देश आणि त्यांचे कंपोनंटचे आकडे छापावेत. ‘अन्याय’ हा शब्द मथळ्यात घालण्याआधी एवढे पाहिले जावे. सहा-सात ओळींत हे मावते. आणि गणपतीच्या दिवसांत जाखडी-नमनाच्या स्पर्धांचे निकाल आपल्या जिल्हा पुरवणीत येतात, तिथेही काव्य, वादन, पदन्यास असे विषयवार गुण आयोजकांकडून मागवून छापावेत. परीक्षकांनी भरलेला कागद त्यांच्याकडे असतोच, फक्त मागावा लागतो.

आपला,
एक वाचक
गुहागर, जि. रत्नागिरी